पनवेल परिसरातील खाद्यसंस्कृती

महाराष्ट्र राज्याच्या रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पनवेल शहर, त्याच्या भोवतालची खाडीकाठची व डोंगरपायथ्याची गावे आणि लगतच्या उरण, पेण व अलिबाग तालुक्यांतील खारेपाट या प्रदेशात रूढ असलेली अन्नोत्पादनाची, पाकक्रियेची व भोजनाची परंपरा. भात, मासळी, मीठ, नारळ व वाल या पाच जिनसांवर ती मुख्यतः आधारलेली आहे. आगरी, कोळी, कातकरी, ठाकर, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, ब्राह्मण, कोकणी मुस्लिम व बेने इस्राएल अशा अनेक समाजांचा तीत वाटा आहे. या समाजांचे आचार, निषिद्धे व सणवार भिन्न असले, तरी त्यांच्या चुलीवर शिजणारे धान्य, मीठ व मासळी एकाच भूमीतून व एकाच बाजारातून येत असत. चुली अनेक, पण शिधा एक, हे या खाद्यसंस्कृतीचे प्रमुख वैशिष्ट्य होय. १९७० नंतरच्या नागरीकरणात या शिध्याचा उगम असलेली भूमीच मोठ्या प्रमाणावर पालटली. त्यामुळे पदार्थ टिकून राहिले, तरी त्यांचा स्थानिक आधार क्षीण होत गेला आहे.

भूमी व बाजारपेठ : पनवेल हे गाढी नदीच्या काठी, पनवेल खाडीच्या शिरोभागी वसले आहे. पूर्वेस माथेरानचा डोंगर, दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका आणि पश्चिमेस भरतीओहोटीची दलदल अशा तीन भूप्रकारांच्या सांध्यावर हे गाव असल्याने येथील बाजारात तिन्हींचा माल उतरत असे. डोंगरातून रानभाज्या, कंद, मध व सरपण. मधल्या पट्टीतून भात, वाल व भाजीपाला. खाडीकडून मीठ व मासळी अशी ही विभागणी होती.

रेल्वेपूर्व काळात मुंबईहून पुण्यास जाणारे प्रवासी व माल गलबतांतून पनवेलपर्यंत येत आणि तेथून बैलगाडीने किंवा पायी बोरघाट चढत. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यानंतर ही वाहतूक वाढली. घाटावरून ज्वारी, गूळ, कडधान्ये, मिरची खाली येई. कोकणातून मीठ, तांदूळ, नारळ, सुकी मासळी वर जाई. येथील नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली, हे या पेठेच्या तत्कालीन महत्त्वाचे द्योतक आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर पुण्याकडे जाणारी वाहतूक कर्जतमार्गे वळली व पनवेलचे घाटबंदर म्हणून असलेले स्थान उतरणीस लागले. तथापि तालुक्याची धान्यपेठ व मासळीबाजार म्हणून त्याचे महत्त्व पुढेही टिकून राहिले. घाटावरील गूळ व मिरची यांचा या किनारी स्वयंपाकात जो सढळ वापर दिसतो, त्याच्या मुळाशी हाच जुना व्यापार आहे.

मीठ : समुद्राच्या पाण्यापासून मीठ पिकविण्याच्या जागेला ‘आगर’ किंवा ‘मिठागर’ म्हणतात. आगरांत काम करणारे ते आगरी, अशी या समाजनामाची सर्वसामान्य व्युत्पत्ती दिली जाते. पनवेल, उरण व पेण तालुक्यांच्या खाडीकाठी पूर्वी मिठागरांच्या रांगा होत्या. उधाणाच्या भरतीचे पाणी बांधातील उघाडीतून मोठ्या तलावात घेत. तेथे ते काही दिवस उन्हात तापून दाट झाल्यावर चोपून घट्ट केलेल्या उथळ वाफ्यांत सोडीत. पाणी आटून स्फटिक धरू लागले की लाकडी फावड्याने ते ओढून बांधावर ढीग घालीत. पावसाळा संपून जमीन सुकल्यानंतर बांधबंदिस्तीला आरंभ होई आणि मे महिन्याच्या अखेरपर्यंत मीठ निघत असे. पहिल्या पावसापूर्वी ढिगांवर गवताचे किंवा झावळ्यांचे आच्छादन घालीत.

या जाड्या, किंचित करड्या मिठाशी येथील साठवणीचे पदार्थ निगडित आहेत. मासळी खारविणे, आंबा व करवंदे मिठात मुरविणे, आमसुले करताना कोकमाच्या सालींना मिठाच्या रसाची पुटे देणे या सर्व क्रियांत खडेमीठच वापरीत. आयोडीनयुक्त मिठाची सक्ती आणि मिठागरांचे संपादन यांमुळे घरगुती स्वयंपाकातून हे मीठ बहुतांशी मागे पडले असून मासळी वाळविणे व लोणची एवढ्यापुरताच त्याचा उपयोग मर्यादित झाला आहे.

भात : खाडीच्या पाण्याला बांध घालून मिळविलेल्या खारजमिनीत व तिच्या वरच्या गोड्या जमिनीत भात हे एकमेव खरीप पीक घेतले जाते. गोड्या जमिनीत राब भाजून रोपे तयार करतात व त्यांची लावणी करतात. खारजमिनीत पावसाने जमिनीतील क्षार धुऊन निघाल्यावर मोड आणलेले बी चिखलावर फोकतात. या पद्धतीस ‘रहू’ म्हणतात. काळा राता, भुरा राता यांसारखे क्षार सहन करणारे तांबड्या तांदळाचे स्थानिक वाण या जमिनीत पिढ्यानपिढ्या घेतले जात. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने अशा जमिनीसाठी ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ व ‘पनवेल-३’ हे वाण विकसित केले आहेत. हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे.

भाकरी, घावन, पोळे, आंबोळी, सांदण, मोदक, पेज, खीर अशा तांदळाच्या रूपांनी दिवसाची बहुतेक सर्व भोजने व्यापलेली आहेत. येथील भाकरी उकडीची असते. उकळत्या पाण्यात तांदळाचे पीठ घालून वाफ आणतात, ते गरम असतानाच मळतात आणि पाण्याचा हात घेऊन थापतात. नीट साधलेली भाकरी पांढरी, पातळ व पदर सुटलेली असते व सायंकाळपर्यंत मऊ राहते. आगरी घरांत मोठ्या कार्यासाठी शेजारणी एकत्र बसून भाकऱ्या भाजतात. भाकरी थापण्याचे कौशल्य हे गृहिणीच्या लौकिकाचे एक माप मानले जाई.

भाताच्या या देशात भात पिकविणाऱ्याला तो पोटभर मिळत असेच, असे मात्र नाही. खोती व सावकारी पद्धतींमुळे पिकाचा मोठा हिस्सा खंडापोटी द्यावा लागे आणि कुळांच्या घरी कण्यांची पेज, नाचणी व सुकी मासळी यांवर पावसाळा काढावा लागे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा जो संप केला, तो याच अन्यायाविरुद्ध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा दिला होता. कण्या, कोंडा, सुकट व रानभाजी यांतून चविष्ट अन्न निर्माण करण्याची येथील पाकपरंपरेची हातोटी या टंचाईच्या पार्श्वभूमीवरच समजून घ्यावी लागते.

वाल व पोपटी : भाताची कापणी झाल्यावर शेतातील उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात. त्यास वेगळे पाणी वा मशागत फारशी लागत नाही. येथील वाल आकाराने लहान व चवीला किंचित कडू असून ‘कडवे वाल’ या नावाने तो ओळखला जातो. तो भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात व कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलतात. सोललेल्या दाण्यांची ओले खोबरे, गूळ व आमसूल घालून केलेली रसदार उसळ म्हणजे बिरडे होय. ब्राह्मण घरांत तीच ‘डाळिंब्यांची उसळ’ म्हणून ओळखली जाते. कायस्थ प्रभूंच्या घरी बिरडे हे सणाच्या पानातील मानाचे अंग असते. आगरी घरांत ते सुक्या कोलंबीबरोबरही शिजते. बेने इस्राएल लोकांमध्ये जेरूसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या उपवासाला ‘बिरड्याचा सण’ असे मराठी नाव पडले, कारण उपवास सोडताना बिरडे खाण्याचा त्यांचा प्रघात होता. एकाच कडधान्याने एका घरी उत्सवाचे, दुसऱ्या घरी दुखवट्याचे व तिसऱ्या घरी नित्याच्या जेवणाचे अन्न व्हावे, हे या परिसराच्या समाईक शिध्याचे बोलके उदाहरण आहे.

हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की शेतात ‘पोपटी’ लावतात. मातीच्या मडक्याच्या तळाशी व कडांना भांबुर्डा या उग्र वासाच्या रानटी झुडपाचा पाला घालतात. त्यावर जाडे मीठ व ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी आणि मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेले कोंबडीचे तुकडे यांचे थर रचतात. तोंड भांबुर्ड्यानेच घट्ट बंद करून मडके जमिनीवर उपडे ठेवतात व त्याभोवती पेंढा, काटक्या व गोवऱ्या रचून पेटवितात. पाणी व तेल मुळीच घालीत नाहीत. शेंगा व पाला यांतील ओलाव्याच्या कोंडलेल्या वाफेवर आतील जिन्नस अर्ध्यापाऊण तासात शिजतात आणि पाल्याचा गंध त्यांत उतरतो. तापलेल्या मडक्यावर शिंपडलेले पाणी चरचरून तत्काळ उडाले की पोपटी झाली असे समजतात. पोपटीला भांडीकुंडी, चूल वा स्वयंपाकघर लागत नाही. कापणी झालेले शेत, त्यात उगवलेला वाल आणि बांधावरचा पाला एवढीच तिची सामग्री होय. शेतकऱ्यांच्या राखणीच्या व श्रमाच्या ऋतूतील हे सामुदायिक भोजन पुढे मित्रमंडळींच्या व पर्यटकांच्या सहलीचे आकर्षण बनले आहे.

मासळी : खाडीची व समुद्राची मासळी असे दोन भाग येथे स्पष्ट ओळखले जातात. खाडीतून बोईट, चिवणी, निवटी, चिंबोरी, कोलंबी, तसेच कालवे व तिसऱ्या मिळतात. खडकांवरील कालवे फोडणे व चिखलातील निवट्या पकडणे ही बहुधा स्त्रिया, मुले व कातकरी लोक यांची कामे असत. खाडीच्या माशांत जिताडा सर्वांत मानाचा समजला जातो. हा मासा खाऱ्या व गोड्या अशा दोन्ही पाण्यांत राहू शकत असल्याने खाडीतून धरलेली त्याची पिले गावतळ्यात किंवा शेतातील तळ्यात सोडून वाढविण्याची रीत खारेपाटात पूर्वापार चालत आली आहे. घरी जावई अथवा मोठा पाहुणा आला की तळ्यातला जिताडा काढीत. पहिल्या जोरदार पावसात अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने शेतात चढणाऱ्या माशांना ‘वलगणीचे मासे’ म्हणतात. ते पकडणे हा सर्व गावाचा उत्सवच असतो.

समुद्रातील बोंबील, मांदेली, जवळा, करंदी इ. मासळी उरणजवळील करंजा व मोरा येथील कोळी डोल जाळ्यांनी पकडतात. भरतीओहोटीच्या प्रवाहात खांबांना वा नांगरांना बांधून ठेवलेले हे पिशवीसारखे जाळे असते. बोंबील बांबूच्या मांडवांवर जोडीजोडीने अडकवून वाळवितात. जवळा अंगणात पसरून सुकवितात. सोललेल्या व वाळविलेल्या कोलंबीस ‘सोडे’ म्हणतात.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या प्रजननाचाही तोच काळ असतो. राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. परंतु बंदीच्या कायद्यापूर्वीही कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत. या चार महिन्यांसाठी उन्हाळ्यातच सुकी मासळी, मसाला, मीठ, पापड, कांदे व सरपण भरून ठेवण्याच्या तयारीला ‘आगोट’ म्हणतात. निरनिराळ्या जातींच्या मिरच्या, धने, हळद व गरम मसाले भाजून कुटलेला वर्षभराचा मसाला हा तिचा मुख्य भाग होय. मिरची ही मूळची अमेरिकेतील वनस्पती पोर्तुगीजांमार्फत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. तिच्याविना आगरी-कोळी कालवणाची कल्पनाही करवत नाही, इतकी ती या भूमीत रुळली आहे.

समाजपरत्वे पाकपरंपरा : आगरी व कोळी यांच्या स्वयंपाकात ताज्या वाटणापेक्षा साठवणीच्या मसाल्यावर भर असतो. लसूण, चिंच किंवा कोकम व तिखट यांचे पातळ कालवण आणि भाकरी हा नित्याचा आहार होय. विवाहात हळदीच्या रात्रीच्या मांसाहारी जेवणाला विशेष महत्त्व असते. आगरी विवाहविधी परंपरेने ‘धवलारीण’ ही स्त्री धवले गाऊन पार पाडते व त्या गीतांत तांदूळ, हळद, नारळ यांना मांगल्याचे स्थान असते. काही आगरी-कोळी घरांत गौरीलाही मासळीचा वा मटणाचा नैवेद्य दाखवितात.

चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची पाकपरंपरा पनवेल, पेण व अलिबाग या पट्ट्यात विशेष विकसित झाली. सोड्यांची खिचडी, कोलंबी व कोबी यांचा भानोला, पातळ पापुद्र्यांचे खाजाचे कानवले व श्रावणाच्या अखेरीस केले जाणारे निनावे हे तिचे प्रसिद्ध पदार्थ होत. बेसन, गूळ व नारळाचे दूध यांचे मिश्रण शिजवून वर-खाली विस्तव ठेवून ते भाजले असता निनावे तयार होते.

कातकरी व ठाकर या आदिवासी समाजांचा वाटा बहुधा दुर्लक्षिला जातो. पावसाच्या प्रारंभी उगवणारे शेवळ, त्यानंतर टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली अशा रानभाज्यांचे ज्ञान मुख्यतः त्यांचेच आहे. शेवळाने घशास खाज सुटते. ती जावी म्हणून त्यात काकड या झाडाच्या आंबट फळांचा रस घालतात. जून महिन्यात आदिवासी स्त्रिया पनवेलच्या बाजारात शेवळाच्या जुडीबरोबर मूठभर काकडेही देतात. तीच शेवळे कायस्थ प्रभूंच्या घरी सोडे वा कोलंबी घालून शिजविली जातात व वर्षातून एकदाच मिळणारे पक्वान्न म्हणून वाखाणली जातात. डोंगरातील भाजी, खाडीची कोलंबी व पेठेतील पाककला यांचा हा संगम होय. मात्र रान ओळखणाऱ्या समाजाला त्याचे श्रेय क्वचितच मिळते.

कोकणी मुस्लिमांच्या स्वयंपाकात तांदळाची रोटी, नारळाच्या दुधातील मासळीचे व मटणाचे कालवण, ‘अखनी’ हा मसालेदार मांसभात व सांदण हे पदार्थ आढळतात. सांदणाचे पीठ पूर्वी ताडीने आंबवीत. अरबी समुद्रावरील व्यापारातून आलेले मांसपाकाचे संस्कार आणि कोकणचा नारळ व तांदूळ यांचे त्यांत मिश्रण दिसते.

बेने इस्राएल या ज्यू समाजाचे पूर्वज नौका फुटून अलिबागजवळील नवगाव येथे किनाऱ्यास लागले, अशी परंपरा आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय व शनिवारी काम न करण्याचा नियम यांमुळे त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पनवेल येथील त्यांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ मधील आहे. ज्यू धर्मनियमांनुसार खवले व पर असलेलेच मासे चालतात; त्यामुळे कोळंबी, चिंबोरी व कालवे त्यांना वर्ज्य ठरतात. मांसाबरोबर दूध निषिद्ध असल्याने गाईम्हशीच्या दुधाऐवजी नारळाचे दूध वापरण्याची सोय त्यांना कोकणात सहज लाभली. संदेष्टा एलिया (एलियाहू हनावी) याच्या नावाने केला जाणारा ‘मलिदा’ भिजविलेले पोहे, नारळ, गूळ वा साखर, वेलची व फळे यांचा असतो. हिब्रू नववर्षासाठी गव्हाचा चीक व नारळाचे दूध आटवून हलवा करतात. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यानंतर बहुसंख्य बेने इस्राएल तिकडे स्थायिक झाले. परंतु मलिदा त्यांच्याबरोबर गेला आणि तेथील शुभकार्यांतही तो केला जातो.

स्थित्यंतर : शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) स्थापना १९७० मध्ये झाली व ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांचा सु. ३४४ चौ. किमी. प्रदेश नव्या मुंबईसाठी निर्धारित करण्यात आला. भातशेती, मिठागरे व खाजणे यांच्या जागी कळंबोली, कामोठे, खारघर, नवीन पनवेल या वसाहती उभ्या राहिल्या. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात १९८४ च्या जानेवारीत जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्यातून पुढे विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन मूळ मालकांना परत देण्याचे धोरण स्वीकारले गेले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील दहा गावांचे स्थलांतर करण्यात आले, उलवे टेकडी कापण्यात आली व उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. तळोजे औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या कासाडी नदीचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढेही गेला होता.

या घटनांचा आहारावरील परिणाम दुहेरी झाला. एकीकडे रोजगार, शिक्षण व पैसा यांची उपलब्धता वाढली. कण्यांच्या पेजेवर पावसाळा काढण्याची वेळ बहुतेकांवर उरली नाही. त्या दारिद्र्याचे गुणगान करण्याचे कारण नाही. दुसरीकडे अन्न पिकविणारे कुटुंब अन्न विकत घेणारे झाले. भाकरीचा तांदूळ बाहेरून येऊ लागला, मासळी बर्फातून दूरच्या बंदरांवरून येऊ लागली आणि वालाच्या शेंगा बाजारातून आणून पोपटी लावली जाऊ लागली. महामार्गालगतच्या भोजनगृहांतून ‘आगरी-कोळी पद्धतीचे जेवण’ या नावाखाली भाकरी, मटण व तळलेली मासळी लोकप्रिय झाली. पण निवटी, वलगणीचे मासे, कण्यांचे प्रकार व रानभाज्या यांना त्यात फारसे स्थान मिळालेले नाही. जे विकले जाते ते टिकते आणि जे केवळ त्या जमिनीवरच मिळते ते विस्मृतीत जाते, असा हा क्रम आहे.

जतन : खाद्यपरंपरा आणि तिची भूमी यांचा एकत्रित विचार कसा करता येतो, हे पाहण्यास स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क प्रदेशाचे उदाहरण उपयुक्त ठरते. बिस्केच्या उपसागराकाठच्या या प्रदेशातही मासेमारी, मीठ व साठविलेली मासळी यांवर खाद्यसंस्कृती उभी राहिली. खारवून वाळविलेला कॉड मासा बिल्बाओ शहराच्या पाककलेत जे स्थान पावला, ते सुक्या बोंबलाच्या व सोड्यांच्या स्थानाशी ताडून पाहण्यासारखे आहे. सान सेबास्त्यान येथे एकोणिसाव्या शतकापासून हौशी पुरुषांची भोजनमंडळे स्थापन झाली. सभासद तेथे स्वतः स्वयंपाक करून एकत्र जेवतात. १९७० नंतरच्या दशकात तेथील पाकतज्ज्ञांनी स्थानिक जिनसांवर आधारित नवी पाकशैली पुढे आणली. तीत हुआन मारी आर्साक व पेद्रो सुबिखाना हे प्रमुख होते. २०११ मध्ये त्याच शहरात पाककलेचे उच्च शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आलाव्हा प्रांतातील आन्याना येथील प्राचीन मिठागरे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओस पडली होती. २००९ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करून त्यांची पुनर्बांधणी करण्यात आली व तेथील मीठ नामवंत पाकगृहांत वापरले जाऊ लागले. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून त्यांना मान्यता दिली.

पनवेल परिसरात अशा संस्था नाहीत. येथील पाकज्ञान मुख्यतः स्त्रियांच्या हाती असून ते मुखोद्गत व सरावाने संक्रमित होत आले आहे. काही प्रयत्न मात्र नोंद घेण्याजोगे आहेत. शेजारच्या अलिबाग तालुक्यातील पांढऱ्या कांद्यास २०२२ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले. क्षारसहिष्णू भाताच्या वाणांवरील संशोधन, शेततळ्यांतील जिताड्याचे संवर्धन, स्त्रियांच्या बचत गटांनी चालविलेली मसाले, पापड व सुकी मासळी यांची विक्री आणि पावसाळ्यातील रानभाज्यांची प्रदर्शने यांतून या परंपरेचे काही दुवे जोडलेले राहिले आहेत. परंतु पदार्थांच्या कृती लिहून ठेवल्याने त्यांचे जतन अंशतःच होते. बिरड्याला कडवा वाल लागतो, कडव्या वालाला भाताच्या कापणीनंतरचे ओल धरलेले शेत लागते व त्या शेताला खाडीचे पाणी अडविणारा बांध लागतो. या साखळीतील शेवटचा दुवा म्हणजे बांध सांभाळणारा शेतकरी होय. खारेपाटात जेथे जेथे तो अद्याप शेत करून आहे, तेथे ही खाद्यसंस्कृती स्मरणरूपाने नव्हे, तर प्रत्यक्ष अन्नरूपाने नांदते आहे.